चर्चमध्ये आपला अनुभव सांगायचा आहे? तयारी कशी करावी

कोर्टात साक्षीला उभं राहायच्या आधी वकील बजावून सांगतो: डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच बोला, ऐकीव नको, अंदाज नको. चर्चमध्ये कुणी आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगितला की त्यालाही आपण साक्षच म्हणतो, किंवा हल्ली सरळ ‘शेअरिंग’. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात येशूनं दृष्टी दिलेल्या जन्मांध माणसाला परूशी, म्हणजे त्या काळचे यहुदी धर्मपुढारी, घेरतात आणि येशू पापी आहे असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायला बघतात. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही. एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. शेअरिंग शिकवायला बसले की मी पहिल्यांदा हेच उत्तर वाचून दाखवते. घडलं तेवढं सांगायचं, कळलं तेवढं सांगायचं, आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणूनच सांगायचं.

गेली काही वर्षं मी कोल्हापुरात आमच्या पॅरिशमधल्या लोकांना अशा बोलण्यासाठी तयार करते. घरच्या प्रार्थनासभेत, नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) संध्याकाळी, दृढीकरणाच्या संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांसमोर, लग्नाआधीच्या कोर्सला. बहुतेकजण दोन कारणांनी मागं सरतात. “माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काय घडलंय?” हे पहिलं, आणि “सगळ्या गावाला कळेल” हे दुसरं. पहिलं कारण मी कधीच मान्य करत नाही. दुसरं मात्र खरं आहे आणि त्याची तयारी करावीच लागते.

सुरुवात घरातून

कॅथलिक चर्चमध्ये कुठंही उठून बोलता येत नाही, आणि त्यामागं विचार आहे. मिस्सेतलं (वेदीवरच्या मुख्य उपासनेतलं) प्रवचन धर्मगुरूनं किंवा डीकननंच (त्याच्या खालच्या पायरीच्या दीक्षितानं) करायचं असतं. चर्चच्या कायद्याचं ७६७ वं कलम तसं सांगतं. सामान्य माणसाची साक्ष शक्यतो मिस्सेच्या बाहेरच व्हावी, असं रोमनं, म्हणजे व्हॅटिकननं, २००४ साली काढलेल्या उपासनाविषयक सूचनांमध्ये म्हटलं आहे. तसंच महत्त्वाचं कारण असेल तर ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरची प्रार्थना झाल्यावर बोलता येतं. पण त्याचा रिवाज पडू द्यायचा नाही, ते प्रवचनासारखं वाटू द्यायचं नाही, आणि त्यासाठी प्रवचनाला कात्री लावायची नाही. म्हणून रविवारच्या मिस्सेत बोलायची इच्छा असेल तर आधी फादरना भेटा. निदान दोन आठवडे आधी, आणि लिहिलेला कागद हातात घेऊन. फादर नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

खरं सांगायचं तर पहिल्या वेळेला मिस्सा ही चुकीचीच जागा आहे. शे-दोनशे माणसं, समोर माईक, मागं वेदी, आणि मिस्सा संपल्यावर बाजाराला जायची घाई. त्यापेक्षा ऑक्टोबरची जपमाळ घरोघरी फिरते तेव्हा कुणाच्या तरी हॉलमध्ये, सतरंजीवर बसलेल्या दहा-बारा माणसांत बोला. लेंटमधली (उपवासकाळातली) रिट्रीट, तरुणांची बैठक, कुणी गेल्यावर महिन्यानं होणाऱ्या मिस्सेनंतर घरी जमलेली माणसं, या सगळ्या चांगल्या जागा. मार्कच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या मुलखातला बरा झालेला माणूस येशूबरोबर होडीत चढू बघतो. येशू त्याला सोबत घेत नाही. घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग, म्हणतो.

कोणता प्रसंग निवडायचा

एक वही घ्या. आठवडाभर रोज रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं तिच्यात लिहा. देव जवळ आहे असं कधी वाटलं, आणि तितक्याच प्रामाणिकपणे, तो नाहीच असं कधी वाटलं. वर्ष, महिना, जागा लिहा. वाक्यं पुरी करू नका. “२०१४, सीपीआरचा व्हरांडा, आईचा हात.” (सीपीआर म्हणजे आमच्याकडचं सरकारी रुग्णालय.) एवढं बास.

आठवड्यानंतर वहीत दहा-पंधरा नोंदी झालेल्या असतात. आता मोठा प्रसंग शोधू नका. जी नोंद वाचताना एखादा वास, आवाज, कुणाचं एखादं वाक्य परत कानावर येतं, ती निवडा. एका काकांनी अपघात सोडून शिरोली एमआयडीसीतल्या नाइट शिफ्टची गोष्ट निवडली. रात्री तीनच्या चहाला शेजारच्या मशीनवरचा कामगार त्यांना म्हणाला होता, “तुमी रोज जेवायच्या आधी डोळं मिटता, माज्यासाटी बी काय तरी मागा की.” काका मनातल्या मनात प्रार्थना करायचे आणि ते कुणाला दिसतंय याची त्यांना कल्पनाच नव्हती. तीन मिनिटांची गोष्ट. दृढीकरणाच्या पोरांनी एक शब्द न बोलता ऐकली.

निवडलेला प्रसंग अजून ओला आहे का, हेही बघा. घरातल्या एका माणसाला पूर्ण सांगून पाहा. शेवटपर्यंत पोचलात तर ठीक. मध्येच राग उसळला, किंवा समोरच्यानं आपली बाजू घ्यावी असं फार वाटायला लागलं, तर तो प्रसंग अजून कुणा एकाजवळ बोलायचा आहे; फादरजवळ, सिस्टरजवळ, जवळच्या मैत्रिणीजवळ. दहा माणसांत तो आणायची वेळ झालेली नाही. रडू येणं वेगळं. रडू आलं म्हणून कुणी तो प्रसंग सोडायचं कारण नाही.

लिहायचं कसं

मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. घरच्या सभेत पाच मिनिटं पुरतात, म्हणजे हातानं लिहिलेली साधारण दोन पानं. मिस्सेनंतर तीन मिनिटांच्या वर जाऊ नका.

पहिला खर्डा बहुतेकांचा सारखाच येतो. एका ताईंनी लिहिलेला त्यांच्या परवानगीनं, थोडे तपशील बदलून देते:

“२०१९ च्या महापुरात आमचे कुटुंब फार मोठ्या संकटात सापडले होते. परंतु माझा प्रभूवर दृढ विश्वास होता. मी कळकळीने प्रार्थना केली आणि प्रभूने माझ्या हाकेला उत्तर देऊन आम्हाला सुखरूप बाहेर काढले. त्याचे उपकार मी कधीही विसरणार नाही.”

यात खोटं काही नाही. पण ताई कुठं दिसतात यात? हे वाक्य कुठल्याही पुराबद्दल कुणीही लिहू शकेल. मी त्यांना कागद बाजूला ठेवायला लावलं आणि विचारत गेले. पाणी कुठवर आलं होतं? घरात कोण कोण होतं? बाहेर कुणी काढलं? प्रार्थना म्हणजे नेमके कोणते शब्द? कोल्हापुरात पुराची आठवण फुटांतच निघते. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्यामुळं ताईही आकड्यानंच सुरू झाल्या. दुसरा खर्डा असा झाला:

“आमचं घर शाहूपुरीत, सखल भागात. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा मी गाद्या माळ्यावर टाकत होते. सासूबाई ‘नमो मरिया’ म्हणायला लागल्या आणि मी त्यांच्यावर ओरडले, आधी गोळ्यांचा डबा कुठाय ते सांगा. तालमीची पोरं होडी घेऊन आली. त्यांनी सासूबाईंना खुर्चीसकट उचललं. रात्री शाळेच्या हॉलमध्ये आम्ही चटईवर पडलो होतो. माळ घरातच राहिली होती, म्हणून सासूबाई बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. मी लग्नानंतर बारा वर्षांत त्यांच्याबरोबर कधी पूर्ण जपमाळ म्हटली नव्हती. त्या रात्री म्हटली. होडी देवानं पाठवली का, ते मला सांगता येणार नाही. पण पेरांवर मोजलेल्या त्या पन्नास ‘नमो मरियां’मध्ये तो होता, एवढं मी सांगू शकते.”

बघा, दुसऱ्या खर्ड्यात ताई स्वतः थोड्या वाईट दिसतात. सासूबाईंवर ओरडल्याचं वाक्य त्यांना काढायचं होतं. मी काढू दिलं नाही, कारण त्या ओरडण्यामुळंच पुढची जपमाळ कळते. शिवाय त्यांना बाहेर काढणारी पोरं आपल्या चर्चची नव्हती, हेही तसंच राहिलं. पहिल्या खर्ड्यात ती पोरं गायबच झाली होती, आणि देवाचं नाव घेताना माणसाचे उपकार पुसून टाकणं मला कधीच पटलेलं नाही.

म्हणून खर्डा झाला की लाल पेन घ्या आणि ‘अद्भुत’, ‘अपार’, ‘दृढ’, ‘कळकळीने’ अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. तिथं नेमकं काय झालं ते लिहा. झालेलं आठवत नसेल तर ते वाक्य काढा.

कोणत्या भाषेत

कोल्हापूर ज्यात येतं तो आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुण्यापासून वेगळा झाला आणि त्याचं मुख्य ठिकाण सावंतवाडी आहे. त्यामुळं आपल्या बाकांवर मराठी आणि कोकणी शेजारी शेजारी बसतात. आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडची घरं कोकणीत प्रार्थना करतात, पोरं इंग्रजी शाळेत जातात, आणि केरळहून आलेल्या नर्सबाई मल्याळम सोडून कशातच मन मोकळं करू शकत नाहीत. माईक हातात आला की सगळेच पुस्तकी मराठी किंवा इंग्रजी पकडतात आणि तिथंच अडखळतात.

ज्या भाषेत तुम्ही देवाशी भांडता त्या भाषेत सांगा. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पौल ख्रिस्ताकडं कसा वळला त्याची हकीकत तीनदा येते, ९, २२ आणि २६ व्या अध्यायात. पहिल्यांदा पुस्तकाचा लेखक लूक सांगतो, नंतर दोनदा पौल स्वतः. यरुशलेमेत खवळलेल्या जमावापुढं तो त्यांच्या इब्री बोलीत बोलायला लागतो आणि ते ऐकून लोक अधिकच शांत होतात. अग्रिप्पा राजापुढं तीच हकीकत तो वेगळ्या तऱ्हेनं मांडतो. घटना एकच, ऐकणारा बदलला की सांगणं बदलतं. एखाद्या आजीनं आजऱ्याकडच्या कोकणीत सांगितलं तर कुणीतरी शेवटी चार वाक्यांत मराठी सार सांगावं. वाक्यागणिक भाषांतर नको, त्यानं आजीचा सूर तुटतो.

दुसऱ्याची गोष्ट तुमच्या गोष्टीत

इथं सगळ्यात जास्त चुका होतात. नवऱ्याची दारू, पोराची नापासी, जावेशी बिघडलेलं, मुलीचं मोडलेलं लग्न. आपल्या अनुभवात ही माणसं असणारच. पण कोल्हापुरातला कॅथलिक समाज एवढा लहान आहे की नाव न घेता “माझ्या जवळच्या एका नातेवाइकानं” म्हटलं तरी चहा होईपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

म्हणून ज्याचा उल्लेख येतो त्याला आधी कागद वाचून दाखवा. “तुझ्याबद्दल थोडं बोलणार आहे” एवढं सांगून भागत नाही. तो नको म्हणाला तर नको. तो हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना विचारा. चर्चच्या कायद्याचं २२० वं कलम प्रत्येकाच्या अब्रूला आणि खासगीपणाला जपतं, आणि साक्षीच्या नावाखाली ते मोडायची मुभा कुणालाच नाही. कुणाला एचआयव्ही आहे हे त्याच्या संमतीशिवाय सांगणं २०१७ च्या कायद्यानंही चालत नाही. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही कधीच बोलायचं नाही.

कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरजवळ पापांची कबुली देताना, काय बोलणं झालं तेही आणू नका. गुप्ततेचं बंधन फादरवर असतं, तुमच्यावर नसतं, हे खरं. पण तुम्ही त्यांचा सल्ला चारचौघांत सांगितलात आणि त्यात काही चुकलं, तर त्यांना तोंड उघडून दुरुस्तीही करता येत नाही. “कन्फेशनला गेले, बाहेर आले तेव्हा हलकं वाटलं” एवढ्यावर थांबा.

बरं होण्याच्या गोष्टी

हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण मला ते लागलेलं आहे. माझा धाकटा भाऊ किडनीच्या आजारानं गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी आई आणि मी एका प्रार्थनासभेला गेलो होतो. तिथं एकानं आपल्या मुलाच्या बरं होण्याची साक्ष दिली आणि शेवटी म्हणाला, ज्यांची श्रद्धा खरी असते त्यांची प्रार्थना देव ऐकतोच. आई काही बोलली नाही. परत येताना रिक्षात तिनं एवढंच विचारलं, “म्हणजे माझी कमी पडली व्हय गं?” त्यानंतर ती कितीतरी महिने कुठल्याच सभेला आली नाही. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. त्याचा मुलगा बरा झाला हेही खरं. चूक त्याच्या शेवटच्या एका वाक्यात होती. त्यानं आपल्या घरात घडलेल्या गोष्टीचा सगळ्यांसाठी नियम केला.

म्हणून आजारपणाचा अनुभव सांगताना तीन गोष्टी पाळा. उपचारांचं नाव घ्या: कोणतं ऑपरेशन, किती दिवस आयसीयू, कोणत्या नर्सनं रात्र काढली. प्रार्थना आणि औषध एकमेकांच्या विरुद्ध उभे करू नका, आणि “गोळ्या बंद केल्या आणि बरी झाले” हे वाक्य तर माईकवर येताच कामा नये. ऐकणाऱ्यांत कुणीतरी डायलिसिसवर असतं. आणि “माझ्या बाबतीत असं झालं, का झालं ते देवाला ठाऊक” याच्या पुढं जाऊ नका.

चर्च स्वतः या बाबतीत किती सावध आहे बघा. फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थक्षेत्री १८५८ पासून हजारो लोकांनी बरं झाल्याचं सांगितलं आहे. तिथं त्यासाठी डॉक्टरांचं वेगळं कार्यालय आहे, कागदपत्रं वर्षानुवर्षं तपासली जातात, आणि चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या थोड्याच पुढं आहेत. मग आपण पाच मिनिटांत ‘चमत्कार’ हा शब्द कशाला वापरायचा? महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तथाकथित चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं हा त्याखाली गुन्हा आहे. बरं वाटलं, आभार मानावेसे वाटले, हे सांगायला कुणाची ना नाही. कुणाला बरं करायचं वचन मात्र द्यायचं नाही.

दुसऱ्या धर्मातून आलेल्या माणसाच्या साक्षीलाही असाच लगाम हवा. त्याचे आईवडील, भाऊ आजही अंबाबाईला आणि जोतिबाला जात असतात आणि कदाचित त्याच खोलीत पाहुणे म्हणून बसलेले असतात. आधीच्या घरानं काय दिलं ते आधी सांगा. आपल्या आशेबद्दल बोलावं ते सौम्यतेनं आणि आदरानं, असं पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात लिहिलंय.

बैठक घेणाऱ्यांसाठी

सहा ते आठ माणसं, गोल बसलेली. रोमच्या २०२१ ते २०२४ च्या सिनडमध्ये (चर्चच्या महासभेत) जी पद्धत वापरली ती घरच्या सभेतही छान चालते. पहिल्या फेरीत प्रत्येकानं दोन-तीन मिनिटं आपलं सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग दोन मिनिटं शांतता. दुसऱ्या फेरीत आपलं पुढं न रेटता, दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला लागलं ते सांगायचं. परत शांतता. तिसऱ्या फेरीत यातून आपल्याला एकत्र काय करायचं सुचतंय ते बोलायचं. शांतता घड्याळ लावून पाळा, नाहीतर कुणीतरी गाणं सुरू करतं.

सल्ला बंद. “अगं, तू नोव्हेना कर” हेसुद्धा बंद. मोबाइल टोपलीत. रेकॉर्डिंग, फोटो, व्हॉट्सॲपवर टाकणं, काहीही नाही. हे सुरुवातीलाच मोठ्यानं सांगा आणि प्रत्येकाकडून मान हलवून घ्या.

एखादं माणूस अचानक जीव नकोसा झाल्याचं बोलून गेलं, किंवा घरातल्या मारहाणीचं, तर फेरी तिथंच थांबवा. बाकीच्यांना चहाला न्या आणि एकानं त्या माणसाजवळ बसावं. टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. लहान मुलाचं काही असेल तर १०९८. हे दोन आकडे भिंतीवर लावून ठेवा. प्रार्थना करूच, पण फोनही त्याच संध्याकाळी करायचा.

त्या दिवशी

चर्चमध्ये बोलणार असाल तर जिथून बायबल वाचतात त्या पीठावर चढू नका, बाजूचा साधा माईक घ्या. कागद हातात असू द्या, मोठ्या अक्षरात. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पाठ करा, मधलं आपोआप येतं. रडू आलं तर क्षणभर थांबा, पाणी प्या, माफी मागू नका. “तर बंधू-भगिनींनो, आपणही” असं म्हणून उपदेशाकडं वळायचा मोह होईल. त्या वाक्याच्या आधीच खाली बसा.

बोलून झाल्यावर लोक हात हातात घेतात, कुणी मिठी मारतं, चहा होतो. त्याच रात्री झोप उडते: आपण जास्तच बोललो का? ओरडल्याचं उगाच सांगितलं का? सासूबाईंना काय वाटलं असेल? जवळजवळ प्रत्येकाचं हे होतं. म्हणून बैठक घेणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत फोन करायचा. छान बोललात वगैरे म्हणायची गरज नाही. शाहूपुरीच्या ताईंना मी फोन केला तेव्हा तो सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, “ती दळण आणायला गेलीय. काल घरी येऊन मला म्हणाली, ओरडले होते, चुकलं. मी म्हटलं, मला आठवत बी न्हाई.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आठवतं की गं. पण आज रात्री परत म्हणायचीय म्हणे जपमाळ.”